अंतरा उठते तेव्हा

वाराणसी,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय आत्या,

नमस्कार. शरदकाकांचं जेवण थोडं वाढलं असेल अशी आशा आहे. इथली थंडी ओसरली. मी बरी आहे.

आधी दुरुस्ती. आमच्या बालवर्गातली अंतरा सगळ्यांच्या आधी ऐकते, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते चूक आहे. अंतराला ऐकू येत नाही.

चर्चच्या आवारातली आमची शाळा मणिकर्णिकेकडे जाणाऱ्या गल्लीला लागून आहे, हे तुला माहीत आहे. मुलं खिडकीखालच्या लांब लाकडी तख्तावर बसतात. चार वर्षांची ही मुलगी बोलत नाही. खेळता खेळता एकदम उठते आणि गल्लीकडे तोंड करून उभी राहते. आम्हाला काहीच ऐकू येत नसतं. मग जरा वेळाने ढोल येतो, ‘राम नाम सत्य है’ येतं, खिडकीखालून प्रेत जातं. ते गेलं की ती बसते आणि पुन्हा ठोकळे रचायला लागते.

ऑगस्टमध्ये तपासणीचा तक्ता भरताना ‘ऐकणे’ या रकान्यात मी तिच्यापुढे बरोबरची खूण केली. पालकसभेत तिच्या आजोबांना कौतुकाने म्हटलंही, “आमच्या आधी हिला कळतं.” ढुंढिराज आजोबा मंगलागौरीच्या देवळाजवळ राहतात, पौरोहित्य करतात.  ते म्हणाले, “बेटी, बरं केलंस सांगितलंस ते. पोर पहुंची हुई आहे आमची, सिद्ध आहे.”

आता त्यांच्याकडे सकाळी लोक येतात. मी एकदा गेले होते. अंतराला पाटावर बसवलेलं, मांडीवर कुणा आजारी माणसाचा फोटो. खोलीत दहाबारा माणसं, कुणी खोकतसुद्धा नव्हतं. ती उठली तर माणूस जाणार, नाही उठली तर वाचणार. तिची आई गीता दाराशी हळूच म्हणाली, “ताई, मी हाक मारते तेव्हा ही बघत नाही हो.”

आजोबा आतून म्हणाले, “तुझी हाक कशाला ऐकेल ती? तिला वरून हाका येतात.” सगळे हसले. त्यांच्या तोंडांकडे पाहून अंतराही हसली, आवाज न करता.

हे पाहूनही मी तुला ती गोष्ट कौतुकाने लिहिली. आणि तू काकांचा फोटो पाठवलास. ऑपरेशन करावं की त्यांना काशीला आणावं, तिला विचार म्हणून.

बारा दिवस उत्तर दिलं नाही, कारण मी विचारलं. बाकीची मुलं गेल्यावर तख्तावर तिच्याशेजारी बसले आणि फोटो तिच्या हातात दिला. आत्या, ती उठली.

मी खिडकीतून वाकून पाहिलं. बराच वेळ थांबले. गल्लीत कुणी आलं नाही. वळले तर ती माझ्या जागेकडे बघत होती, मी बसले होते तिथे. परत बसले तेव्हा कळलं. माझा पाय थरथरत होता, तुझ्यासमोर पाढे चुकले की थरथरायचा तसा. तख्त हलत होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या मागे उभी राहून टाळी वाजवली, घंटा वाजवली, नावाने हाक मारली. काही नाही. मग तख्ताच्या पायाला टाच मारली. उठली. चारदा मारली, चारदा उठली. ढोलाचा हादरा भिंतीतून, लाकडातून तिच्या अंगाला लागतो. घरी जिन्यावर कुणी चढलं तरी ती उठत असणार. तेवढ्यावर किती जणांची औषधं बंद झाली असतील, हे मी मोजलेलं नाही. आणि कारण कळूनही, ती उठली की मी अजून खिडकीतून वाकून पाहते.

गुरुवारी शाळेत कान तपासणारे डॉक्टर येतील. त्यांच्या यादीत माझ्या खुणेमुळे अंतरा नाही. सहा महिने गेले, आणि या वयातले सहा महिने परत मिळत नाहीत. तपासणीला गीताची सही चालते, पण सासऱ्यांना विचारल्याशिवाय ती करणार नाही.

शाळेत जाण्याआधी तू मला घरी शिकवलंस, चूक गिरगटून काळी करायची नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. तशी रेघ मी उद्या आमच्या मुख्य सिस्टरसमोर त्या तक्त्यावर मारीन. काकांचं डॉक्टरांना विचार. तिला नको. मलाही नको.

ढुंढिराज आजोबांना एकटं गाठून सांगणं सोपं आहे. पण मी पालकसभेत सांगितलं होतं, तेव्हा हेही चारचौघांतच सांगायला हवं. लोक फोटो घेऊन बसलेले असतील तेव्हा मी त्या जिन्याने चढेन आणि माझ्या पावलांनी ती उठेल. बुधवारी, ११ फेब्रुवारीला, सकाळी आठ वाजता.

तुझ्याच हाताखाली शिकलेली,
मधुरा