पेडलची रेघ

प्रिय दादा,

फोनच केला असता, पण फोनवर तू मला हसवतोस आणि विषय निसटतो. म्हणून लिहिते आहे. आधी तू एकटा वाच, मग वाटलं तर वहिनीला दे.

तुझ्या तिन्ही गाण्यांवर काम चालू आहे. दुसऱ्यातला तुझा डावा हात सुरेख पडलाय. इथे सगळं ठीक. खिडकी अजून नीट लागत नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी मी फटीत टॉवेल कोंबते. नवरा म्हणतो, एवढ्या यंत्रांच्या घरात एक कडी बसवता येत नाही. ती त्यानेच बसवायची आहे, हे तो सोयीस्कर विसरतो.

नव्या पेडलनेही आवाज मध्येच थरथरतो, असं तू परवा म्हणालास. पहिल्यांदा मलाही वायरच वाटली होती. तू वायर बदललीस. मग पायाखालची बटणांची पट्टीच बदललीस. कुठल्या बटणावर कुठला आवाज, हे आपण पुन्हा पहिल्यापासून बसवलं, आणि तालमीत तू जुन्या सवयीने व्हायोलिनच्या जागी घंटा वाजवल्यास. गायिका गाणं सोडून हसत बसली. शेवटी दोष पेडलवर आला. ‘पेडल म्हातारं झालंय, बारके, मी नाही,’ म्हणालास.

पुढचं तुला माहीत आहे, तरी मला सांगू दे. पेडल स्वतः वाजत नाही. तुझे दोन्ही हात कीबोर्डवर गुंतलेले, म्हणून आवाज चढवायचं-उतरवायचं काम पाय करतो. पाय किती दाबला, एवढंच पेडल कम्प्युटरला कळवतं, आणि माझ्या पडद्यावर त्याची रेघ उमटते. तू ऐकतोस, मी बघते. तुझी रेघ मी शंभरांत ओळखीन. सावकाश चढण, वर जरा रेंगाळणं, मग उतार. ते अजून तसंच आहे. पण लांब सुराखाली तू पाय स्थिर धरतोस ना, तिथे रेघ थरथरते. बारीक, एकसारखी, करवतीच्या दात्यांसारखी. पाय हलला की थरथर जाते. थांबला की परत येते. पेडल खराब असतं तर ते हलवतानाच खरखरलं असतं.

तुझं जुनं पेडल माझ्याकडेच पडलं होतं. काल ते जोडलं आणि माझा पाय ठेवला. रेघ सरळ आली. नवऱ्याला ठेवायला लावला. सरळ. तो विचारत होता, काय बघतेस. मी म्हटलं, काही नाही.

बाबांचं शिवणाचं मशीन आठव. ते कापड सारखं करत असायचे, पाय नुसता टेकलेला असायचा, आणि खालची लोखंडी जाळी खुडखुडत राहायची. त्यांनी मशीनला तेल घातलं. पट्टा बदलला. जमीन उंचसखल आहे म्हणून एका पायाखाली पुठ्ठा सरकवला. घड्या घालून तो तूच दिला होतास. डॉक्टरकडे गेले तेव्हा त्यांना सुई ओवता येत नव्हती. तेव्हा ते तुझ्या आजच्या वयाचे होते. हे मनाशी जुळवलं आणि कालपासून कामाला हात लागत नाही.

तू तिसरं पेडल मागवायला सांगितलंस. मी मागवलेलं नाही. मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांची मंगळवारी सकाळची वेळ घेतली आहे, तुझ्या नावाने. मला यातलं काही कळत नाही. नसेलही काही. तसं निघालं तर जन्मभर चिडव, मी ऐकून घेईन. ही थरथर मला सहज पुसता येते. पहिल्या दोन गाण्यांत वायर समजून मी ती पुसलीसुद्धा, आणि गाणी स्वच्छ झाली. तिसऱ्यातही पुसली असती तर तुला, वहिनीला, कुणाला काही कळलं नसतं. हात धजला नाही. सोमवारी ये. पडद्यासमोर तुला बसवीन, मग हवं तेवढं रागाव, पण दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर चल. ‘तू आत यायचं नाहीस’ म्हणालास तर मी बाहेर बसेन.

तुझीच, भित्री,
बारकी