कोऱ्या चादरीवरची घडी

मंगळवार, १३ जानेवारी १९९८

कुसुमला तिळाचे लाडू द्यायला आज न कळवताच तिच्या मतिमंद-गृहात गेलो. प्रत्येक पलंगावर कोरी चादर, घडीची रेघसुद्धा मोडलेली नाही. आणि माझी चाळिशीतली बहीण बाकीच्या बायकांसोबत सकाळपासून गार फरशीवर. का, तर तपासणीचे साहेब येणार.

मी पलंगावर टेकणार तोच कुसुमने हात धरला. "बसू नोको दादा. बाई मारते."

बाई म्हणजे इथली अधीक्षिका. वर हसते. "चादर खराब होते ना, मास्तर. याईले काय समजते?"

साहेब आले, घडीच्या रेघा पाहून खूश झाले, चहा-चिवडा हाणून गेले. जीप फाटकाबाहेर पडायच्या आत चादरी पेटीत. नालायक लेकाचे.

मग बाईने अभिप्रायाची वही माझ्यापुढे सरकवली. मागे एकदा तक्रार केली तेव्हा म्हणाली होती, "पटत नसन तं घरी घेऊन जा तिले." घरी कोण करणार तिचं? बायको? मी?

शाळेच्या फळ्यावर रोज सुविचार लिहितो, त्याच वळणदार अक्षरात लिहिलं: व्यवस्था उत्तम. बाईला अक्षर फार आवडलं.