पितळी टिप

राइट टाउन, जबलपूर
१० नोव्हेंबर २०२४

ती. सौ. शैलजाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. फोन केला की आई स्पीकर लावायला सांगते, आणि हे तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

बाबांना जाऊन दिवाळीत वर्ष झालं. फियाट उभी राहून गंजू नये म्हणून मी चालवतो. तिचा आवाज तुला आठवत असेलच. फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर बाबांनी सायलेन्सरच्या टोकाला बसवायची दोन तोंडांची पितळी टिप ओळखीच्या लेथवर स्वतः कातली होती, आणि एक नळी चुकून आखूड झाली. चूक कबूल करतील तर ते विष्णुपंत कसले! तेव्हापासून गाडी भुंग्यासारखी गुणगुणते. गल्लीच्या तोंडाशी ते दोनदा रेस द्यायचे, की आई चहा टाकून फाटक उघडायची.

ताई, ती अजून उघडते. मी रेस देत नाही, तरी नुसत्या गुणगुणण्यावर धावत येते. गाडीतून उतरतो मी, आणि तिचं तोंड एवढंसं होतं. रोज. मला घरी यायची धास्ती वाटायला लागली आहे. म्हणून काल बंटी मिस्त्रीकडून ती टिप काढवली आणि स्टीलच्या दोन चकचकीत टिपा बसवून घेतल्या. तो हळहळला, की भैया, असं हाताचं काम अब कौन करता है. पण गाडी मुकी झाली. आता आई फसणार नाही.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
रत्नाकर

---

नागपूर
१८ नोव्हेंबर

चि. रत्नाकरास अनेक आशीर्वाद.

पन्नाशी आली, लग्न केलं नाहीस, आणि गाडीला दागिने घालतोस! यांना वाचून दाखवलं तर पोट धरून हसले. मला मात्र वाटलं, बरं केलंस.

मग परवा शनिवारी संध्याकाळी आईशी फोनवर बोलत होते. तिच्या मागे गाडी आल्याचं फोनवर ऐकू आलं. तीच गुणगुण, मग दोनदा रेस. आई घाईघाईनं म्हणाली की ठेवते गं, हे आले, चहा टाकायचाय. मला तुझा इतका राग आला म्हणून सांगू! जुनी टिप परत बसवलीस ती बसवलीस, वर बाबांसारखी रेसही देतोस? आईच्या मनाशी असले खेळ करू नकोस रे. काय ते खरं लिही.

रागावले तरी तुझीच आहे, हे विसरू नकोस.

ताई

---

जबलपूर
२५ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

शनिवारी संध्याकाळी मी पनागरला होतो, मटार आणायला. गाडी माझ्याबरोबर होती. पितळी टिप कपाटात होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

तुझं पत्र वाचून कपाट उघडून पाहिलं, ती तिथेच होती. त्या दिवशी परतलो तेव्हा फाटकाला कडी होती आणि ओट्यावर दोन कप विसळून पालथे घातलेले होते. शेजारच्या अमिताकाकू येऊन गेल्या असतील असं मी धरून चाललो. आता विचारलं, तर त्या आल्याच नव्हत्या.

तेव्हापासून रोज तेच. मी येतो, फाटक लावलेलं असतं, कप पालथे असतात, आणि आई शांत बसलेली असते. मला ते सहन होईना. काल जुनी टिप पुन्हा बसवली. वाटलं, खरा आवाज ऐकला की ती धावत येईल, मला पाहून हिरमुसेल, आणि सगळं पहिल्यासारखं होईल. जे चुकवायला एवढा खटाटोप केला, तेच मला हवं होतं. गल्लीच्या तोंडाशी मी पहिल्यांदाच दोनदा रेस दिली.

आई आली, पण सावकाश. मला पाहून तिचा चेहरा मुळीच उतरला नाही. ताई, किती महिन्यांनी तिनं माझ्याकडे मायेनं पाहिलं! मग हलक्या आवाजात रागावली, की काहून एवढा आवाज करून राहिला रे, हे आत्ताच जरा आडवे पडलेत.

मी इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत आत आणली.

तू ये. जमेल तितक्या लवकर ये. स्टेशनवरून येशील तेव्हा रिक्षा मात्र गल्लीच्या तोंडाशीच सोड.

तुझा,
रत्नाकर