चालतं मशीन का बदललं

जळगाव,
३ नोव्हेंबर १९९५

ती. पुष्पाअक्का यांस,
धाकट्या भावजयीचा, कुंदाचा, नमस्कार.

तुमचं पत्र दिवाळीच्या दुसऱ्याच दिवशी मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. इकडे सगळे बरे आहेत. ह्यांच्या पाइपच्या कारखान्यात तिन्ही पाळ्या जोरात चालू आहेत, त्यामुळे घरी असले की झोपलेलेच असतात. वर्षाचं दहावीचं वर्ष, तिला क्लासमधून मान वर करायला फुरसत नाही. नळाला दोन दिवसांआड पाणी येतं. दाजींचा गुडघा आता कसा आहे?

तुमचं मशीन बंद पडलं आणि डॉक्टरांनी तुम्हाला साबणाच्या पाण्यात हात घालायला मनाई केली, हे वाचून वाईट वाटलं. सात माणसांचे कपडे म्हणजे चेष्टा नाही. 'तू नुकतंच नवं घेतलंस, तर कोणतं टिकाऊ ते कळव,' असं तुम्ही लिहिलंत. मला जेवढं कळलं तेवढं सांगते.

पूर्ण ऑटोमॅटिकच्या भानगडीत पडू नका. त्याला नळाची धार सतत लागते, ती धुळ्यात तरी कुठे आहे? दोन टबांचं घ्या. एकात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं. पाणी बादलीनं ओतता येतं आणि चादरींचं पाणी फरशीला वापरता येतं. अंग प्लास्टिकचं बघा, पत्र्याचं खालून गंजतं. अर्थिंग पहिल्याच दिवशी वायरमनकडून तपासून घ्या. आणि ज्याचा दुरुस्तीवाला गावातच असेल तेच घ्या, नाहीतर एका पट्ट्यासाठी महिनाभर मुंबईच्या पार्सलची वाट बघत बसाल.

दुकानात पाणी भरून चालवून दाखवल्याशिवाय तर घेऊच नका. मी झुलालभाऊंच्या दुकानात तीन मशीनं चालवायला लावली. धुताना आतली चकती एका बाजूला फिरते, मग तीन-चार सेकंद थांबते, मग उलटी फिरते. ती थांबली की कान लावून ऐका. मी टबावर वाकून ऐकत होते तर झुलालभाऊ हसायला लागले. म्हणाले, "वहिनी, लोक चालत्या मशीनचा आवाज ऐकतात. तुम्ही थांबलेल्याचा ऐकताय." दोन मशीनं मला पटली नाहीत. तिसरं थांबलं की अगदी गप्प होत होतं. तेच घेतलं.

चालतं मशीन काढलं कशाला, असंही तुम्ही विचारलंय. चार वर्षं झाली होती त्याला. तोताराम म्हणून आमच्या कॉलनीत नवा दुरुस्तीवाला आलाय, त्यानं उघडून पाहिलं. पट्टा ठीक, मोटर ठीक. मला त्याचा आवाज सोसेना, एवढंच.

माय गेल्यावर तिच्या खोलीत आता वर्षाचं टेबल ठेवलंय. पण पोरगी तिथं बसत नाही, पुस्तकं घेऊन स्वयंपाकघरात येते. मीही सक्ती करत नाही.

पोरांना आशीर्वाद. दाजींना नमस्कार.

तुमची,
कुंदा


जळगाव,
२२ नोव्हेंबर १९९५

ती. अक्का,
नमस्कार.

आज सकाळी कारखान्याचा माल घेऊन टेम्पो धुळ्याला निघाला. त्यात आमचं जुनं मशीन दोरानं बांधून चढवलं. हे पत्र हाती पडेल तोवर ते तुमच्याकडे लागलेलंही असेल.

'नवं घेण्यापेक्षा तुमचं जुनंच पाठवा,' असं तुम्ही ह्यांना परस्पर कळवलंत ते मला चार दिवसांपूर्वी समजलं. मी म्हटलं, देऊ नका. हे म्हणाले, "का? चांगलं तर आहे. तुझा हट्ट म्हणून नवं आणलं. आता पडून असलेलं बहिणीला द्यायचं नाही?" माझ्याकडे कंजूषपणाचा संशय घेऊन ते पाहत राहिले आणि मी तो घेऊ दिला.

अक्का, मशीन लावाल तेव्हा घरात एकट्या राहू नका. रेडिओ मोठ्यानं लावून ठेवा. जमलं तर कपडे टाकून गच्चीवर जा, पिळायच्या वेळी खाली या. हे वाचून तुम्हाला वाटेल, कुंदाचं डोकं फिरलं. म्हणून थोडं सांगते.

श्रावणातली गोष्ट. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन पडलेलं, वर्षा शाळेत, हे कामावर. तोताराम मागच्या पडवीत मशीनच्या पाठीमागे गुडघ्यांवर बसला होता. चकती फिरली, थांबली. त्यानं मान वर केली आणि मला म्हणाला, "वहिनी, आतून आवाज देऊन राहिले तुम्हाला. जा तुम्ही, मी पाहतो."

मी म्हटलं, "घरात कोणी नाही."

"म्हातारं माणूस आहे ना आत?" तो म्हणाला.

मायला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. ती गेल्यावर दोन महिन्यांनी तो कॉलनीत आला. चकती उलटी फिरली, पुन्हा थांबली. तोताराम तसाच बसून होता, हातात पाना धरून. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. भराभर मागचं झाकण लावलं, "दोष काही नाही" म्हणाला आणि सायकल काढून गेला. एक स्क्रू पडवीतच राहिला. त्यानंतर दोनदा निरोप पाठवला, आला नाही.

तोवर मी समजत होते, हे फक्त मला होतंय. तेराव्यानंतर मायच्या गोधड्या धुवायला काढल्या तेव्हापासून. मधे महिनाभर मी मशीन लावलंच नाही, मोरीत बसून हातानं धूत होते. ह्यांनी विचारलं तर म्हटलं, वीजबिल.

याहून जास्त मला लिहवत नाही. तुम्ही नवंच घ्या, अक्का. ते आमचं भंगारवाल्याला द्या. नाहीतर नुसतं झाकून ठेवा.

तुमची,
कुंदा


जळगाव,
१० डिसेंबर १९९५

अक्का,

तुमचं चार ओळींचं पत्र काल दुपारी आलं. दारातच उभी राहून वाचलं. मग आत येऊन पुन्हा वाचलं. तुम्ही लिहिलंय:

'मशीन चांगलं चालतं. मधे थांबतं तेव्हा माय बोलावते. माझं नाव घेत नाही, तुझं घेते. "कुंदा वं, आठे ये वं." तू तर म्हणाली होतीस, माय पडली तेव्हा मशीन चालू होतं, हाक ऐकू आली नाही. मग ह्या मशीननं ती कशी ऐकली?'

अक्का, त्या दिवशी मशीन बंद होतं.

साडेअकराला वीज गेली. कपडे साबणाच्या पाण्यात तसेच, मी शेजारी पाटावर बसलेली. त्या मशीनचा टायमर किल्लीचा आहे, घड्याळासारखा. वीज गेली तरी तो टिकटिकत शून्याकडे येत राहतो. घरात तेवढाच आवाज होता. आणि मायची हाक.

सकाळपासून तिनं किती वेळा बोलावलं होतं ते सांगत नाही. सांगितलं तर मी माझी बाजू मांडतेय असं होईल. खुबा मोडल्यापासून आठ महिने तिचं सगळं मी केलं हे तुम्ही चारचौघांत बोललात. दहाव्याला आलेल्या बायका माझे हात हातात घेत होत्या. म्हणून तर मला तोंड उघडता आलं नाही.

वीज गेल्यावरची पहिली हाक पाण्यासाठी होती. मला वाटलं, वीज येऊ दे, मशीन चालू होऊ दे, म्हणजे ऐकू येणार नाही. दुसरी आली. टायमरवर सहा मिनिटं उरली होती. मी ठरवलं, हा काटा शून्यावर येईपर्यंत उठायचं नाही. एवढी सहा मिनिटं माझी. तिसऱ्या हाकेनंतर खाट वाजली. माय भिंतीला धरून उभी राहायला लागली होती, तुम्हाला माहीतच आहे. ती स्वतःच माठाकडे निघाली असणार. मग पडल्याचा आवाज झाला.

तरी मी बसून होते, अक्का.

चौथी हाक खालून आली. जमिनीवरून. हळू. तिच्यात राग नव्हता. नेहमी असायचा, त्या वेळी नव्हता.

टायमर वाजला तेव्हा मी उठले. माय उंबऱ्याशी पडली होती आणि माझ्याकडे पाहत होती. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडात पाणी घातलं. ते बाहेर आलं. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागला, जागच्या जागी गेल्या. सगळ्यांना त्याचं समाधान वाटलं. जागच्या जागी नाही गेली. मला ठाऊक आहे आणि तिला ठाऊक होतं.

धुळ्याहून आल्या आल्या तुम्ही माझ्या गळ्यात पडून विचारलंत, "तुला काहीच ऐकू आलं नाही का गं?" मी म्हटलं, "मशीन चालू होतं." तेव्हापासून ते वाक्य मी इतक्या वेळा बोलले की मलाही घरघर ऐकू यायला लागली होती. मग गोधड्या टाकल्या, चकती थांबली, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

काल संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. वर्षा स्वयंपाकघरात होती, तिनंही ऐकलं. हे उठून मायच्या खोलीत गेले, तिथं जमिनीवर बसले. जेवायला आले नाहीत. आज सकाळी कामावर जाताना माझ्याकडे न पाहता म्हणाले, "अक्काला पत्रानं कळवू नको. तोंडानं सांग."

मी तोंडानं सांगायला येतेच आहे. पण पत्र आधी टाकतेय, कारण तुम्ही समोर आलात की मी पुन्हा तेच वाक्य बोलेन.

वर्षा मात्र काल रात्रभर माझ्याजवळ झोपली. पहाटे म्हणाली, "मम्मी, आजी मलापण बोलवायची. मीपण कधी कधी जायचे नाही." मी तिला म्हटलं, तुझं वेगळं. वेगळं काय, ते तिनं विचारलं नाही.

नवं मशीन थांबतं तेव्हा खरंच गप्प असतं. जुनं गेल्यापासून मी रोज त्यापाशी उभी राहते. हात ओले, कान टबावर. काही येत नाही. ती मला टाकून तुमच्याकडे गेली असं वाटतं, आणि मग वाटतं, नाही, ती अजून मलाच बोलावतेय, फक्त मी घरात नाही.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं निघते. एकटीच. तुम्ही दार उघडलं नाहीत तर मी ओट्यावर बसेन, दुपारच्या गाडीनं परत येईन, तक्रार करणार नाही. उघडलंत तर मला काही विचारू नका, चहा ठेवू नका. मशीनमध्ये पाणी भरा आणि चालू करा. रेडिओ लावू नका. तुम्ही शेजारी उभ्या राहा किंवा राहू नका, ते तुमच्यावर.

चकती थांबली की ह्या वेळी मी ओ देईन.

तुमच्या मायची सून,
कुंदा