अरिदर्पविध्वंसिनी

रविवार, २ नोव्हेंबर
मेहुण्याकडे गेम. बायको दोन महिने जातेय, आजपासून मीही. एकत्र वेळ घालवायचा म्हणे. कागदावर आपला योद्धा तयार करायचा, मेहुणा राक्षस आणतो, फासे टाकून ते मारायचे. प्रत्येकाने आपल्या शस्त्राला नाव ठेवायचं. इथे सगळा आनंदीआनंद. मेहुण्याचे दोन मित्र येतात, एक डेंटिस्ट, एक लिफ्ट-मेकॅनिक. डेंटिस्टच्या भाल्याचं नाव ‘दुखणार नाही’. लिफ्ट-मेकॅनिकची कुऱ्हाड ‘तात्पुरती’. बायकोची गदा ‘आलेच’. गदेला क्रियापद! वर खो खो हसतात. औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर मी एकवीस वर्षं तपासतोय. एक अनुस्वार सुटलेला नाही. या मंडळींना सुधारायचं ठरवलं.

सोमवार, ३ नोव्हेंबर
लंच-टाइमपासून तलवारीच्या नावावर काम. अकरा नावं बाद. खोकल्याच्या औषधाचं प्रूफ उद्यावर.

बुधवार, ५ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
दात घासताना सुचलं. अरिदर्पविध्वंसिनी! शत्रूचा गर्व धुळीला मिळवणारी. धावत जाऊन बायकोला सांगितलं. छान आहे, म्हणाली, आधी तोंड धुवा.

रविवार, ९ नोव्हेंबर
नाव जाहीर केलं. शांतता. भारावले असावेत. मग लिफ्ट-मेकॅनिकने विचारलं, दर्प म्हणजे वास ना? म्हणजे शत्रूच्या अंगाचा वास घालवणारी? मी समासाचा विग्रह करून दाखवला. चौदा मिनिटं. तेवढ्यात माझ्या दोन टर्न गेल्या. आता माझ्या तलवारीला सगळे ‘साबण’ म्हणतात. डेंटिस्टसुद्धा. शिकलेला माणूस! सगळ्यात मोठ्यांदा बायको हसली. तिला अर्थ कळला नसावा.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
सर्वांसाठी चाळीस शस्त्रनावांची यादी केली, अर्थासह. ऑफिसच्या प्रिंटरवर काढली. साहेबांनी एक पान उचललं आणि विचारलं, हे कुठल्या कंपनीचं टॉनिक?

रविवार, १६ नोव्हेंबर
यादी वाटली. लिफ्ट-मेकॅनिकने तिच्यावर बिस्किटं ठेवली. मग गुहा, गुहेत ड्रॅगन. बायकोची योद्धी जखमी होऊन आडवी. ड्रॅगन आणि ती यांच्यामध्ये फक्त मी. भावोजी, मारा, असं मेहुणा ओरडला. तलवारने मारा, असं डेंटिस्ट ओरडला. तलवारने! मी थांबलो. ‘तलवारीने’ का म्हणायचं ते समजावलं. ड्रॅगनने मला गिळलं. बायकोची योद्धी तशीच सरपटत आली आणि एका फटक्यात तिने ड्रॅगन लोळवला. निव्वळ फाशांचं नशीब. माझ्या योद्ध्याला श्रद्धांजली वाहायला मी उभा राहिलो, तर बायको म्हणाली, मेल्यावर तरी गप्प बसा.

सोमवार, १७ नोव्हेंबर
गेमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजीनामा टाकला. पूर्ण एक पान. मनधरणी करतीलच. तीन दिवस ताणणार, मग मोठ्या मनाने मानणार.

गुरुवार, २० नोव्हेंबर
मेहुण्याचा एक अंगठा आला. बाकी सामसूम. बायको सांगते, त्या ग्रुपवर आता कुणीच नसतं. माझ्या दुसऱ्या रविवारीच त्यांनी नवा ग्रुप केला. काही तांत्रिक कारण असेल.

रविवार, २३ नोव्हेंबर
घरी एकटा. उत्तम शांतता. भात लावला. करपला. भांडं कसं घासायचं ते विचारायला बायकोला फोन केला. मागे हशा चालू होता. कशाबद्दल, ते विचारलं नाही. ती म्हणाली, तुम्ही आला असतात तर... तेवढ्यात तिची टर्न आली, फोन बंद. संध्याकाळभर ते वाक्य तपासत बसलो. अपूर्ण आहे.

रविवार, ३० नोव्हेंबर
परत गेलो. त्यांनाच गरज असणार. मेहुणा म्हणाला, योद्ध्याच्या जागी डेंटिस्टची बहीण आली, आता फक्त सामान वाहायचं खेचर शिल्लक आहे. घेतलं. महत्त्वाची भूमिका आहे, सगळ्यांचं अन्न माझ्या पाठीवर. बायकोने शेजारची खुर्ची ओढून दिली. मग खेचराचं नाव काय ठेवायचं यावर पाऊण तास चर्चा. मला बोलता येईना. खेचरं बोलत नाहीत, असा नियम निघाला. शेवटी बायकोने सुचवलेलं नाव एकमताने मंजूर झालं. ते इथे लिहीत नाही. शुद्धलेखन मात्र बरोबर आहे.