जन्मापासूनची पिशवी

वाटूर

शीतलताई,

हे पत्र तुझ्या हातात द्यायची हिंमत मला होणार न्हाई, तरी लिहून राह्यलो.

लहानपणापासून तुझं पोट दुखायचं. कापूस वेचताना तू पोट धरून बांधावर बसलीस, की मी सगळ्यांसमोर तुला कामचुकार म्हणायचो. तू तशीच उठून परत वेचायला लागायचीस.

यंदा तुझं रक्त फार कमी झालं, तेव्हाही आम्ही घरचे सगळे पित्तच म्हणत होतो. तू मात्र एकटीच बसनं जालन्याला जाऊन तपासण्या करून आल्तीस. त्यातूनच ऑपरेशन ठरलं, झालं, अन् पोटातून काढलेली पिशवी तपासायला पाठवली.

काल रिपोर्ट आला. तुझ्या खाटेजवळ उभं राहून डॉक्टर म्हणाले, "लहान आतड्याला ही पिशवी जन्मतःच होती. अशा पिशवीत कॅन्सर होणं फार दुर्मिळ. तुम्ही वेळेवर आलात, म्हणून सगळा काढता आला."

कॅन्सर ऐकून मी तुझ्या खाटेचा दांडा धरला. तू मात्र माझ्याकडं बोट करून विचारलंस, "डॉक्टरसाहेब, मंग माझ्या भावालाबी असंल का? त्याला बराबर तपासा."

"हे सहसा घराण्यातून येत नाही," ते म्हणाले.

"मंग बरं झालं," म्हणून तू डोळे मिटून घेतलेस.

ताई, चहाच्या निमित्तानं मी बाहेर गेल्तो ना, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसून रडत होतो. एवढं मोठं मन कुठून आणलंस तू?

उद्या तुला घरी न्यायला येतो. तोंडातून शब्द फुटणार न्हाई. जिना उतरताना तुझा हात धरीन, तेवढ्यावरून समजून घे.

तुला उशिरा ओळखणारा,
कल्याण