खांद्याचं तेल

३ मार्च, सोमवार
स्टुलावरून पडलो. उजवा घोटा मुरगळला. रविवारी मुलगी येणार आहे, हिचं, म्हणजे तिच्या आईचं, कपाट आवरायला आणि शिलाई मशीन न्यायला. तिला मदत म्हणून वरच्या फळीवरचा डबा काढून ठेवायला गेलो. डबा हातात आला, स्टूल निसटलं.

डब्यात हिच्या तेलांच्या बाटल्या. निलगिरी, पुदिना, लव्हेंडर. कापड कापून कापून हिचा खांदा धरायचा, म्हणून आणलेल्या. हिला जाऊन चार महिने झाले. झाकण काढलं तर वास तसाच.

निश्चय : डॉक्टर नको. या तेलांनीच घोटा बरा करायचा. मला सवय आहे. हिच्या खांद्याला रोज मीच तेल लावून द्यायचो.

हिच्या फितीनं माप घेतलं. उजवा घोटा २६ सेंटिमीटर. डावा २४.

४ मार्च, मंगळवार
पुदिना लावला, सढळ हातानं. आधी गार, मग आग आग. तासभर बादलीत पाय घालून बसलो. त्यानंतर डब्याच्या तळाशी हिच्या अक्षरातली चिठ्ठी सापडली. तीन थेंब, दोन चमचे साध्या तेलात मिसळून. अशी चिठ्ठी वर ठेवायला हवी होती.

मुलीला फोन. म्हटलं, पाय फार सुजलाय, रविवारचं पुढे ढकलू. ती म्हणाली, बाबा, तुम्ही नुसते खुर्चीत बसा हो, आवरणार मी आहे.

माप २६.५. फीत जरा सैल धरली असेल.

रोज म्हणजे अगदी रोज नाही. पण आठवड्यातून एकदा तरी लावायचो.

६ मार्च, गुरुवार
ऑफिसला गेलो, लंगडत. वासानं आमचं सेक्शन भरून गेलं. साहेबांनी खिडक्या उघडायला लावल्या आणि विचारलं, सर्दी कुणाला झालीय? मी फाइलमध्ये डोकं घातलं.

चार वाजता समोरच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, अहो, सकाळी उजवा पाय ओढत होतात, आता डावा? म्हटलं, भार वाटून घेतोय. त्या म्हणाल्या, घ्या, घ्या, दोनच आहेत.

माप २४.५. सूज आत गेली असणार. हे जास्त वाईट. मुलीला तसं कळवलं. ती हसली.

७ मार्च, शुक्रवार
डब्यात आणखी एक बाटली निघाली, कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली. वर कागद चिकटवलाय : खांद्यासाठी. मागे हात पोचत नाही, यांच्याकडून लावून घेणे.

झाकणाचं सील शाबूत आहे.

ही दुसरी बाटली असणार. पहिली संपली असेल. महिन्यातून एकदा तर मी नक्कीच लावून द्यायचो. एकदाचं चांगलं आठवतंय. म्हटलं होतं, बातम्या संपल्या की लावतो. बातम्या संपेपर्यंत हिला झोप लागली.

मुलीला विचारायचं, अशा बाटल्या किती आणल्या होत्या. किंवा नकोच.

८ मार्च, शनिवार
माप २४. पट्टी बांधून ठेवली, जाड. उद्या बसून राहायचं.

९ मार्च, रविवार
मुलगी आली. पट्टी सोडून घोटा दाबून बघितला. दुखतंय का? म्हटलं, खूप. मग दुसरा दाबला, आणि हा? म्हटलं, हा पण. ती म्हणाली, बाबा, मुरगळलेला नेमका कुठला?

दुपारपर्यंत कपाट रिकामं झालं. बाटली तिच्या हातात आली तेव्हा मी न राहवून विचारलं. ती म्हणाली, एकच तर होती, मीच आणून दिली होती. आई म्हणायची, यांना सवड झाली की उघडू.

मशीन तिनं एकटीनंच उचललं, मी खुर्चीत होतो. जिन्यात तिचा खांदा लचकला. वर आली, पाठ करून माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, बाबा, तेच तेल लावा ना जरा.

बाटली हातात घेतली. सीलवर नख ठेवलं. म्हटलं, आज पाय फार ठणकतोय गं, उद्या लावतो.

ती स्वतःच खांदा चोळत उठली. मग म्हणाली, उद्या मी इथे असणार का, बाबा? सहाच्या गाडीनं गेली.

बाटली कापडात गुंडाळून डब्यात ठेवली. डबा वरच्या फळीवर. स्टुलावर चढलो, उतरलो. काही दुखलं नाही.

आज माप नाही. फीत मशीनच्या खणात होती, ती तिकडे गेली.